हवामानाचा वर्ग हर्णे बंदरातही भरावा

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था १९६२ पासून मोसमी पावसाचा अभ्यास करते आहे. शहरातले हवामान विभागाचे प्रशिक्षण केंद्र जागतिक हवामान संघटनेचे प्रादेशिक केंद्र असल्याने परदेशी विद्यार्थीही तिथे येतात. या साऱ्यांना संगणकावरची प्रारूपे शिकायलाच हवीत. पण त्यांच्या बरोबरीने एका ठिकाणचे हवामान बारकाईने वाचायला शिकणेही तितकेच आवश्यक आहे, आणि त्यासाठी दापोली तालुक्यातले हर्णे बंदर उत्तम जागा आहे.

जागतिक हवामानाची अनेक प्रारूपे पृथ्वीला सुमारे शंभर किलोमीटरच्या चौकटींत विभागतात. हर्णे ते वाई हे सरळ अंतर त्याहून कमी आहे. म्हणजे समुद्रकाठ, खेडचा सखल भाग, वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणारे महाबळेश्वर आणि पलीकडचा पर्जन्यछायेचा प्रदेश, हे सारे एकाच चौकटीत येऊ शकतात आणि त्यांचा एकच सरासरी आकडा उरतो. सरासरीत सह्याद्री बुटका झाला की डोंगरामुळे पडणारा पाऊसही चुकतो. हर्णे आणि महाबळेश्वर येथील वेधशाळांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर ही मर्यादा विद्यार्थ्याला लगेच उमगेल.

वादळांचेही तसेच. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. उत्तर गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग त्यात मिळाला की उजवीकडचे वारे अधिक जोरकस होतात. वादळ ईशान्येकडे निघाले होते आणि हर्णे त्याच्या उजव्या अंगाला होते. केंद्र उत्तरेला असूनही दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळींच्या बागा का आडव्या झाल्या, हे यातून कळते. पुण्यातल्याच संशोधकांनी दाखवले आहे की १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. त्यामुळे मच्छीमारांच्या दृष्टीने हे ज्ञान जीवनमरणाचे आहे.

कोणी म्हणेल, भौतिकीचे नियम सगळीकडे सारखेच. मग केनियाच्या विद्यार्थ्याला हर्णे कशाला? नियम सारखे असले तरी ते लागू पडतात किनारा, डोंगर आणि समुद्राच्या तापमानाप्रमाणे. प्रारूपाचे उत्तर जागेवरच्या नोंदीशी ताडून पाहण्याची सवय इथे लागली, तर ती मोम्बासालाही उपयोगी पडेल. उपग्रह सगळे टिपतात, असाही आक्षेप येतो. पण उपग्रहाने काढलेला पावसाचा अंदाज पारखायला अखेर जमिनीवरचे पर्जन्यमापकच लागते, आणि नीट न ठेवलेले मापक कसे चुकते, हे ते हाताळल्यावाचून समजत नाही.

दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे, पुण्यात हवामानाच्या संस्था आहेत आणि हर्णेला वेधशाळा व बंदर. या तिघांनी मिळून दर पावसाळ्यापूर्वी देशी-परदेशी विद्यार्थ्यांचा क्षेत्रवर्ग इथे भरवावा आणि त्यात मच्छीमारांनाही आपले अनुभव सांगायला बोलवावे. नवी इमारत न उभारता हे करता येईल. संस्थांनी ते मनावर घ्यावे.