भाड्याच्या घराला विमा हवा का?

“साहेब, दिवाळीत दापोलीला ३ दिवस घर भाड्यानं घेतोय. ८,००० आगाऊ मागतात, वर प्रवासविमा घ्या म्हणतात. घेऊ का?” एका सोयाबीनवाल्या शेतकऱ्यानं विचारलं. घरात वडील, दम्याचे.

मी म्हटलं, “पीकविम्यासारखंच हे. कागदावर लिहिलेल्या कारणालाच पैसे. कुणी दवाखान्यात दाखल झालं तर बहुधा मिळतात. मळणी लांबली, मजूर आला नाही, हे कुणी धरत नाही. जुनं दुखणंही बऱ्याच विम्यांत वगळलेलं असतं. वडिलांचा दमा जुनाच ना?”

रेल्वेच्या तिकिटाबरोबर काही पैशांत मिळणारा विमा अपघाताचा. घरभाडं त्यात येत नाही. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही अपघातापुरतीच, २ लाखांची. ती मात्र सहलीला जा न जा, घ्यावीच.

त्यानं विमा सोडला आणि घरमालकाशी घासाघीस केली. आगाऊ ३,००० च. ८ दिवस आधी कळवलं तर निम्मे परत, असं लिहून घेतलं.

ऐन काढणीत पाऊस लागला. ९ दिवस आधी फोन गेला, १,५०० परत आले. पोरं रुसली, पण गंजी ताडपत्रीखाली कोरडी राहिली. दापोली जानेवारीत झाली.