घरात मल्लखांब टांगताय? आधी छताकडे नीट बघा

उज्जैन : टावर चौकातल्या खाऊच्या गाड्यांवर संध्याकाळी गर्दी जमते. फ्रीगंजच्या बाजारात खेळाचं सामान घ्यायला आलेली कुटुंबंही त्यात असतात. मुलगा किंवा मुलगी मल्लखांबाच्या वर्गाला जायला लागली की काही महिन्यांत घरी मागणी सुरू होते, ‘आपल्याकडेही एक दोर टांगू या.’ मागणी चांगली आहे. पण पुढचं काम बहुतेक वेळा घरातला हौशी माणूस ड्रिल घेऊन एका दुपारी उरकतो, आणि धोका तिथेच असतो.

मल्लखांब उज्जैनला नवा नाही. पेशवे दुसरे बाजीराव यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवं रूप दिलं आणि मराठी माणसांबरोबर ती माळव्यातही रुजली. मध्य प्रदेशाने 2013 मध्ये मल्लखांबाला राज्य खेळ जाहीर केलं. उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना 2020 चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. 2023 च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या, तेव्हा मल्लखांबाचे सामनेही याच शहरात झाले.

तीन प्रकार, तीन वेगळ्या जागा

मल्लखांबाचे मुख्य तीन प्रकार आहेत. पुरलेला खांब जमिनीत रोवतात. त्याला तळाकडे जाड अंग, वर बारीक मान आणि टोकाला बोंड असतं. टांगता खांब आखूड असतो आणि साखळीला लटकतो. तिसरा दोरीचा. पुरलेला खांब फक्त अंगण असलेल्यांनाच जमतो. फ्लॅटमध्ये दोरी किंवा टांगता खांब हेच पर्याय उरतात, आणि दोन्हींचा सगळा भार छतावर येतो.

पंख्याचा हुक नाही म्हणजे नाही

घरगुती पंखा चार-पाच किलोचा असतो. त्याच्या हुकावर 30 किलोचं मूल टांगणं हा हिशेबच चुकीचा आहे. त्यातही मूल स्थिर लटकत नाही, झोका घेतं. दोर उभ्या रेषेपासून 60 अंशांपर्यंत गेला, तर परत खाली येताना वरच्या कडीवर वजनाच्या दुप्पट ओढ बसते, म्हणजे 60 किलो. 90 अंशांवरून आला तर तिप्पट. सैल दोराला अचानक झटका बसला तर त्याहूनही जास्त. म्हणून कडी, साखळी आणि बोल्ट यांची क्षमता मुलाच्या वजनाच्या दहापट धरावी. 30 किलोच्या मुलासाठी ती 300 किलो होते.

कडी कशी बसवायची

स्लॅबमध्ये खालून भोक पाडून ठोकलेला साधा फास्टनर सरळ खाली ओढला जातो. रोजच्या हिसक्यांनी तो हळूहळू सैल होतो आणि ते बाहेरून दिसत नाही. वर स्वतःची गच्ची असेल तर बोल्ट स्लॅबच्या आरपार घ्यावा आणि वरून जाड लोखंडी प्लेट व दोन नट लावावेत. भोकाभोवती वॉटरप्रूफिंग करायला विसरू नये, नाहीतर पावसाळ्यात गळती लागते आणि सळ्या गंजतात. वर दुसऱ्याचं घर असेल तर दोन भक्कम भिंतींमध्ये लोखंडी गर्डर टाकून त्याला कडी लावणं बरं. बीमला भोक पाडू नये, सळई कापली गेली तर नुकसान सगळ्या इमारतीचं होतं. जुन्या वाड्यातल्या लाकडी तुळईला आधी वाळवी किंवा चीर आहे का ते बघावं. यातलं काहीही करण्यापूर्वी इंजिनिअरला एकदा जागा दाखवावी.

वरची कडी बंद असावी. उघड्या हुकातून झोक्यात साखळी निसटू शकते. टांगत्या खांबाला साखळी आणि खांब यांच्यामध्ये भोवरकडी हवीच. हार्डवेअरच्या दुकानात ती ‘स्विव्हल’ म्हणून मागावी. ती नसेल तर खांब फिरताना साखळीला पीळ पडतो.

दोर सुती घ्यावा. दुकानात ‘सूत की रस्सी’ म्हणायचं. नायलॉनचा दोर मजबूत असला तरी घसरतो आणि घर्षणाने कातडी भाजते. खांब सागवान किंवा शिसमचा असावा, गाठ किंवा चीर नसलेला. त्याला लावायचं एरंडेल दुकानात ‘अरंडी का तेल’ या नावाने मिळतं.

अंगणात पुरायचा असेल तर

खांब वर सुमारे अडीच मीटर राहणार असेल तर जमिनीत पाऊण ते एक मीटर हवा. खड्ड्याच्या तळाशी खडी टाकली की पाणी साचत नाही. पुरणाऱ्या भागाला डांबर लावावं, वाळवी लांब राहते. ओळंबा धरून खांब सरळ आहे का ते दोन बाजूंनी तपासावं. काँक्रीट भरल्यावर लगेच चढू देऊ नये. त्याला पूर्ण ताकद यायला साधारण 28 दिवस लागतात. चारही बाजूंनी दोन मीटर जागा मोकळी ठेवावी. कुंड्या, पायऱ्या, दुचाकी तिथे नको.

पहिली परीक्षा गोण्यांची

मूल चढण्याआधी सिमेंटच्या तीन गोण्या, म्हणजे 150 किलो, जमिनीपासून चार बोटं वर अर्धा तास टांगून ठेवाव्यात. त्या वेळी खाली कुणी थांबू नये. नंतर कडीभोवती चीर, वाकलेला बोल्ट किंवा पडलेला चुरा दिसला तर काम पुन्हा करावं. पुढे दर महिन्याला नट, साखळीचे दुवे आणि दोराचे झिजलेले धागे तपासायचे. दोर वरच्या कडीपाशी सर्वात आधी झिजतो, म्हणून शिडी लावून तिथेच बघावं.

खाली जाड आणि घट्ट मॅट हवी. घरची मऊ गादी चालत नाही, तिच्यात पाय रुतून घोटा मुरगळतो. दहा फुटी छताखाली उंचावरून घेतायचे प्रकार करूच नयेत. घरी फक्त पकड, चढणं-उतरणं आणि वर्गात पक्के झालेले आसनप्रकार करावेत, तेही मोठं माणूस जवळ असताना. नवा प्रकार वर्गातच, प्रशिक्षकासमोर शिकावा. आणि घरात लहान भावंडं असतील तर सराव संपल्यावर दोर वर गुंडाळून ठेवावा.