फॉर्म कुठं अडकलाय?

कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीची खिडकी वेगळी असते. जानेवारी-फेब्रुवारीत फीच्या खिडकीवर शुकशुकाट असतो आणि इथे मात्र रांग. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी या खिडकीच्या आतल्या बाजूला, शिष्यवृत्तीचं काम पाहणाऱ्या मॅडमच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून मी बसत होतो. बाहेरून येणारा प्रश्न बहुतेक वेळा एकच. "मॅडम, माझा फॉर्म कुठं अडकलाय?" फॉर्म भरला म्हणजे तो कुठेतरी अडकणारच, हे इथे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं.

खरं तर हे विचारायला कुणाकडे यायचं कारण नाही. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर लॉगिन करायचं, आपण अर्ज केलेल्या योजनांचं पान उघडायचं आणि समोर दिसेल ते वाचायचं. पण गाडी लॉगिनपाशीच थांबते. फॉर्म नेट कॅफेवाल्याने भरलेला, पासवर्डही त्यानेच ठरवलेला, आणि ज्या वहीच्या मागच्या पानावर तो लिहून दिला ती वही आता मिळत नाही. आधारवरून जावं तर ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर जातो. वडील ऊसतोडीला, कुठल्यातरी कारखान्याच्या फडात.

बी.एस्सी. पहिल्या वर्षाचा एक मुलगा खिडकीच्या कठड्याला टेकून वडिलांना फोन लावत होता. "दादा, आत्ता आलेला नंबर सांगा. मेसेज उघडा. हां, त्यातला." पलीकडे ट्रॅक्टर चालू. चौथा आकडा ऐकू आला नाही, पुन्हा विचारेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसऱ्यांदा मागवला तेव्हा वडिलांनी ट्रॅक्टरपासून लांब जाऊन एकेक आकडा सावकाश सांगितला. अर्ज उघडला. सेंड बॅक. शेऱ्यात लिहिलेलं, उत्पन्नाचा दाखला मुदतबाह्य. तहसीलचा दाखला ३१ मार्चपर्यंत चालतो, याने आदल्या वर्षीचाच जोडला होता. अर्ज परत आल्याचा मेसेज वडिलांच्या फोनवर कधीचाच येऊन पडला होता. इंग्रजीतला मेसेज, त्यांना वाटलं सिमकार्डवाल्यांचा असेल.

"बाळा, माझ्याकडं नाही अडकलेला," मॅडम म्हणाल्या. "तुझ्याकडंच अडकलाय. सेतूतून नवीन दाखला काढ, अपलोड कर आणि पुन्हा सबमिट कर. नुसता अपलोड करून बंद करू नको."

मॅडमचं अर्धं काम हेच, अर्ज आता कुणाच्या टेबलावर आहे ते ओळखायचं. विद्यार्थ्याने अर्ज भरला की तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला. तिथून पुढे ज्या खात्याची योजना त्या खात्याकडे. अनुसूचित जातींची भारत सरकार शिष्यवृत्ती जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे, ईबीसी म्हणजे राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्ती उच्च शिक्षण सहसंचालकांकडे, आदिवासी मुलांची प्रकल्प कार्यालयाकडे. पोर्टल एक, पण मागची दारं वेगवेगळी. मुलाला मात्र यातलं कुठलंही टेबल असलं तरी 'छाननी चालू' असंच वाचायला मिळतं, आणि ते वाचून त्याने निर्धास्त व्हावं की पळापळ करावी, हे त्याला उमगत नाही. स्थिती खरीच असते. ती पुढे काय करायचं ते सांगत नाही, एवढंच. माझ्या मते या व्यवस्थेतली खरी उणीव ही आहे. सर्व्हर बंद पडतो, हँग होतो, त्याला लोक रोज शिव्या घालतात, पण त्याची सवय होते.

म्हणून मॅडमकडे संगणकाच्या शेजारी एक लांबट रजिस्टर आहे. आखलेले रकाने, पेन्सिलने भरलेले, कारण खोडावं लागतं. नाव, योजना, अर्ज क्रमांकाचे शेवटचे आकडे, आणि शेवटच्या रकान्यात 'फोन उचलणारा नंबर'. कुठे मामाचा, कुठे शेजारच्या किराणा दुकानाचा. पोर्टलवर नोंदवलेला नंबर वेगळा आणि निरोप पोचणारा नंबर वेगळा, हे कुठल्याही संगणकाने त्यांना सांगितलेलं नाही.

मंजूर झाल्यानंतरचा घोळ आणखी अवघड. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी पासबुक घेऊन आली. पोर्टल म्हणतं पैसे वितरित झाले, पासबुकात छदामही नाही. बँकेत विचारलं तर कॉलेजला विचारा म्हणाले. मॅडमनी पासबुक बाजूला सारलं आणि आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती काढली. बँकेचं नाव निराळंच. "अगं, हे खातं कधी काढलंस?" मुलगी जरा विचारात पडली, मग म्हणाली, लाडकी बहीण योजनेच्या वेळी.

त्यातली गोम अशी. आधारवर येणारे पैसे फॉर्ममध्ये लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत. बँकांमधले आधारचे व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआयच्या यादीत एका आधारपुढे एकच बँक असते, सगळ्यात शेवटी जोडलेली, आणि पैसे तिथे जातात. तुमचं आधार चार खात्यांना दिलेलं असेना का. २०१७ मध्ये देशभर कितीतरी लोकांची गॅसची सबसिडी त्यांना ठाऊकही नसलेल्या खात्यांत जाऊन पडली होती, ती याच वाटेने.

मुलीचे पैसे त्या दुसऱ्या खात्यात सापडले, पण सगळे नव्हते. अनुसूचित जातींच्या भारत सरकार शिष्यवृत्तीत आता केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये हे प्रमाण ठरवलं, आणि दोन्ही हिस्से वेगवेगळे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. एक आला म्हणजे दुसराही लगेच आला, असं नाही. हिचा राज्याचा तेवढा आला होता. शिवाय आलेल्या रकमेत फी कॉलेजची आणि शैक्षणिक भत्ता मुलीचा. घरून ये-जा करणाऱ्या बी.ए., बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला हा भत्ता वर्षाला ३,००० रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला ६,०००. खात्यात मात्र ही वेगवेगळी नाणी पडत नाहीत, एक आकडा पडतो. फीचे पैसे सात दिवसांत कॉलेजला भरायचे, असा नियम.

"मॅडम, यातले माझे किती?" मुलीने विचारलं.

मॅडमनी कॅल्क्युलेटर ओढला, फीचा तक्ता काढला, ४० टक्क्यांचा हिशोब मांडला आणि कागदाच्या कपट्यावर दोन आकडे लिहून दिले. वरचा कॉलेजचा, खालचा तिचा. मग रजिस्टरमधल्या तिच्या नावापुढची 'मंजूर' ही नोंद खोडून पेन्सिलने लिहिलं, 'फी बाकी'.