‘ताई, तुम्ही द्याल ते!’

अप्रेझल महिनाभर लांबलं की आपण कॅन्टीनमध्ये तासन्‌तास धुसफुसतो. मग आपलं पिल्लू सांभाळायला येणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीचा पगार आपण पाच मिनिटांत कसा काय उरकतो?

सीन ओळखीचा वाटेल. रविवार सकाळ, अकरा वाजलेत, डायनिंग टेबलावर अर्धवट राहिलेला चहा. एका बाजूला तुम्ही दोघं. समोर तुमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी. आणि मावशींच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली त्यांची भाची. खांद्याला सॅक, एस. वाय. बी. कॉम., सकाळचं कॉलेज. आजवर कुठेही काम केलेलं नाही. तुम्हाला संध्याकाळी चार ते साडेसात पिल्लापाशी कुणीतरी हवंय, तिला फीपुरते पैसे हवेत. सगळं कसं मस्त जुळून येतंय! आणि मग तो प्रश्न येतो. ‘‘किती घेशील?’’

ती मावशींकडे बघते. मावशी तुमच्याकडे बघतात.

‘‘ताई, तुम्ही द्याल ते.’’

हुश्श! झालं, मिटलं, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. आमच्या सिंहगड रोडच्या टू बीएचकेमध्ये गेल्या वर्षी जुलैत अगदी असाच सीन झाला. पिल्लू तीन वर्षांचं. सकाळी प्लेग्रुप, दुपारी माझी आई. पण चार वाजता आईला बाबांच्या फिजिओथेरपीसाठी सदाशिव पेठेत परत जावं लागतं. मी हिंजवडीत, नवरा महिन्यातला अर्धा वेळ बंगळुरूत. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि आकडा सांगून टाकला. साडेतीन हजार. सोमवार ते शुक्रवार. ‘‘चालेल ना?’’ यावर तिने मान हलवली. मान हलवणं म्हणजे हो, हे आपणच ठरवतो.

आता हा आकडा आला कुठून? आदल्या दिवशी मी थोडं ‘मार्केट रिसर्च’ केलं होतं. म्हणजे लिफ्टमध्ये भेटलेल्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘तीनच्या वर जाऊ नकोस, एकीने वाढवलं की सगळ्यांना वाढवावं लागतं.’’ ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, नवीन आहे ना? मग साडेतीन खूप झाले.’’ नवरा म्हणाला, ‘‘तसंही काम काय आहे? पिल्लू खेळणार, ही बसणार.’’ तीन माणसं, तीन मुद्दे, आणि मला तिन्ही पटले. पटायला सोयीचे होते म्हणून!

त्या रात्री साडेनऊ

जुलै संपत आला होता. रिलीजचा दिवस, कॉल लांबला. त्यात पाऊस, आणि चांदणी चौकात गाड्या जिथल्या तिथे. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळेला ती म्हणाली, ‘‘काही नाही ताई, या सावकाश.’’ घरी पोचले तेव्हा साडेनऊ वाजले होते. पिल्लू जेवून झोपलेलं. ती हॉलमध्ये जमिनीवर बसलेली, समोर कॉर्पोरेट अकाउंटिंगचं पुस्तक. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तिची टेस्ट होती. मी रिक्षाचे पैसे पुढे केले तर म्हणाली, ‘‘नको ताई. काका आलेत न्यायला.’’

‘‘कुठेत?’’

‘‘खाली. गेटपाशी.’’

तिचे काका, म्हणजे मावशींचे यजमान, पावणेआठपासून सोसायटीच्या गेटबाहेर छत्री धरून उभे होते. जनता वसाहतीतल्या चढावरून रात्री एकटी पोरगी कशी येणार म्हणून. फोनवर ती हे बोलली नाही, कारण मी विचारलं नाही.

रात्री झोप येईना. शेवटी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढला. साडेतीन तास गुणिले २२ दिवस, म्हणजे महिन्याचे ७७ तास. ३,५०० भागिले ७७. तासाला जेमतेम ४५ रुपये. मल्टिप्लेक्समध्ये तेवढ्यात पॉपकॉर्नचा सगळ्यात छोटा टबही येत नाही. पण खरा झटका पुढे होता. सहज म्हणून मावशींचाही हिशोब केला. त्या ४० मिनिटांत धुणंभांडी उरकतात, महिन्याचे २६ दिवस, पगार १,२००. म्हणजे साधारण सव्वासतरा तास, आणि तासाला ६९ रुपये.

माझी भांडी ६९ रुपये दराने घासली जात होती आणि माझं मूल ४५ रुपये दराने सांभाळलं जात होतं!

हे गणित तुमच्याही घरी करून बघा. आकडे वेगळे येतील, पण आपण तास कधी मोजलेलेच नसतात हे नक्की कळेल. ‘पार्टटाइम’ म्हटलं की आपल्याला ते थोडंसंच काम वाटतं. पण कॉलेजच्या मुलीसाठी चार ते साडेसात म्हणजे अख्खी संध्याकाळ. ना क्लास लावता येत, ना दुसरं काम धरता येत.

‘बसूनच तर राहायचं!’

या वाक्याचा मला आता फार राग येतो, कारण ते आमच्याच घरात बोललं गेलंय. तुमच्या ऑफिसच्या गेटवरचा रात्रपाळीचा वॉचमन खुर्चीत बसूनच असतो. रात्री कुणी आलं नाही म्हणून त्याचा पगार कापतात का? काही झालंच तर तिथे कुणीतरी असावं, याचे ते पैसे असतात. घसरगुंडीजवळच्या बाकावर बसलेली मुलगी पूर्ण साडेतीन तास कामावरच असते. पिल्लू झोपल्यावर तिने पुस्तक उघडलं तरीही.

आणि गंमत म्हणजे, तिला ‘बसून’ राहू तरी कोण देतं? पहिल्या आठवड्यात ‘तेवढी कणीक मळून ठेव’ झालं. मग वाळलेल्या कपड्यांच्या घड्या. मग कुरिअर, इस्त्रीवाला, आणि दळण सुद्धा! यातलं काहीच ठरलं नव्हतं. मुलीला खाऊ घालणं, तिची ताटली विसळणं, खेळणी आवरणं हे पोर सांभाळण्यात येतं. दळण येत नाही. हवं असेल तर खुशाल सांगा, पण त्याचे वेगळे पैसे बोला.

आता ‘नवीन आहे’ या मुद्द्याकडे येऊ. तो मला पूर्ण खोटा वाटत नाही. दहा वर्षं बाळं सांभाळलेल्या बाईंना मुलाचं अंग तापलंय हे नुसत्या डोळ्यांवरून कळतं. हिला थर्मामीटर कसा लावायचा इथपासून दाखवावं लागलं. द्राक्षं अख्खी न देता उभी चिरून द्यायची, बाथरूममध्ये भरलेली बादली ठेवायची नाही, बाल्कनीचं दार कायम लावलेलं, डॉक्टरांचा नंबर फ्रीजवर. तेव्हा पहिले काही महिने थोडा कमी पगार, हे मला मान्य आहे. पण किती कमी आणि किती महिने, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. आपल्याला नोकरी लागली तेव्हा प्रोबेशन सहा महिन्यांचं असं लेटरवर छापलेलं होतं ना? तीन वर्षांनीही ‘नवीनच आहे’ असं एचआरने म्हटलं असतं तर? आणि शिकण्याचे दिवसही कामाचेच. पहिले चार दिवस मी घरून काम करत होते म्हणून ते पगारात धरायचे नाहीत, असं माझ्या डोक्यात येऊन गेलं होतं. लाज वाटते सांगायला, पण आलं होतं.

शिवाय ‘अनुभव नाही’ म्हणजे काय? मावशींनी नंतर एकदा सहज सांगितलं, आई कामाला जायची तेव्हा दोन्ही धाकटी भावंडं हिनेच सांभाळली. एक तर सहा महिन्यांचा होता. त्या कामाचा पगार मिळाला नाही, म्हणून आम्ही त्याला अनुभव धरला नाही, इतकंच!

पुन्हा एकदा टेबलावर

पुढच्या रविवारी मी पुन्हा दोघींना बोलावलं. या वेळी चौघंही बसलो, खुर्च्यांवर. मी एका पाकिटात २,००० रुपये घालून ठेवले होते, गेल्या महिन्याचा फरक म्हणून. मावशींनी पाकीट उघडून बघितलं आणि विचारलं, ‘‘हे कशाचे?’’ मी म्हटलं, ‘‘कमी दिले होते आम्ही.’’ त्या म्हणाल्या, ‘‘बक्षीस नको, ताई. पुढचं काय ते नीट बोला.’’

मग बोललो. पहिले तीन महिने ५,५००, म्हणजे तासाला ७१ रुपयांच्या आसपास. नोव्हेंबरपासून ६,५००, म्हणजे ८४. साडेसातनंतर दर अर्ध्या तासाला ७५, जवळजवळ दुप्पट दराने. दुप्पट का? कारखान्यातल्या जादा तासांना दुप्पट दर १९४८च्या फॅक्टरी ॲक्टपासून आहे, आणि आपलं घर त्याहून कंजूस कशाला? आठ वाजून गेले तर रिक्षाचे पैसे आमचे. पगार एक तारखेला. सणाच्या आणि आजारपणाच्या सुट्ट्यांचा खाडा धरायचा नाही. आम्ही गावाला गेलो तरी पगार चालू, कारण सुट्टी आम्ही घेतोय, तिने नाही.

हे सगळं मी वहीत लिहीत होते. तेवढ्यात तिने मोबाइल काढला, काहीतरी आकडेमोड केली आणि पहिल्यांदाच आपणहून बोलली. ‘‘ताई, मग त्या रात्रीचे चार अर्धे तास होतात. ३०० रुपये.’’ पाकिटातून तिने ३०० घेतले आणि उरलेले १,७०० माझ्यापुढे सरकवले. अकाउंट्सची स्टुडंट शेवटी! ते १,७०० मात्र मला अजून खुपतात. नंतर दोनदा देऊ केले, दोन्ही वेळा मावशी ‘असू दे’ म्हणाल्या.

एका गोष्टीवर मात्र अडलो. परीक्षेच्या वेळी तिला पंधरा दिवस हवे होते. तेव्हा सासूबाई साताऱ्याहून येणार, पण पगाराचं काय? नवरा म्हणाला, काम नाही तर पगार नाही. मी म्हटलं, तुझ्या कंपनीने एमबीएची फी भरली होती ती? शेवटी अर्ध्या पगारावर तडजोड झाली. ती बरोबर झाली की नाही यावर आमचं अजून एकमत नाही.

आणि आणखी एक, घराघरांतली गुपित गोष्ट. हा खर्च कुणाच्या पगारातून वजा होतो? आमच्याकडे नवऱ्याने एक्सेल शीट केली होती आणि सांभाळणाऱ्या मुलीचा पगार माझ्या कॉलमखाली होता! ‘तुझ्या पगारातून एवढे गेले तर तुझी नोकरी परवडते का’ हा हिशोब तिथूनच सुरू होतो, आणि मग आईला नोकरी ‘परवडावी’ म्हणून मुलीचा पगार दाबला जातो. मूल दोघांचं, तर वजाबाकीही दोघांच्या बेरजेतून. आता ती ओळ ‘घरभाडं’ आणि ‘लाइट बिल’ यांच्या मध्ये आहे.

कायदा काय म्हणतो, असं विचाराल तर थोडक्यात सांगते. चौदा वर्षांखालच्या मुलीला घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६पासून बंदी आहे, तेव्हा ‘गावाकडून एक छोटी आणलीय खेळायला’ हे सांगायचंही नाही आणि करायचंही नाही. महाराष्ट्रात २००८चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्यात नोंदणी १८ ते ६० या वयात होते. तुमच्याकडची मुलगी अठराच्या पुढची असेल तर तिला त्याबद्दल सांगा, फॉर्म भरायला मदत करा. पण हा कायदा कल्याणाच्या योजनांचा आहे, तुमच्या टेबलावरचा आकडा तो ठरवून देत नाही. आणि पुणेकरांनी एवढं तरी लक्षात ठेवावं की १९८० साली याच शहरात मोलकरणींनी संप केला होता, आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारी रजा ही काही परवा निघालेली फॅशन नाही. जाता जाता, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसने पाळणाघराची सोय करायची असते, हे २०१७च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीने आलं. आपल्या एचआरला एकदा विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

सोसायटीत बातमी पोचलीच. काकू लिफ्टमध्ये म्हणाल्या, ‘‘रेट बिघडवलास हं तू!’’ मी हसून दुसऱ्या मजल्यावरच उतरले, राहते पाचव्यावर.

दिवाळीला बोनस दिला. वर्षाला एक पगार या हिशोबाने चार महिन्यांचे १,८३३ होत होते, ते वर करून २,०००. पिल्लाने तिला स्वतः रंगवलेली पणती दिली, ती तिने ओढणीत गुंडाळून नेली. भाऊबीज झाल्यावर कामावर आली तेव्हा मी घरीच होते. चपला काढता काढता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, ‘‘ताई, या महिन्यापासून साडेसहा ना?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘वहीत लिहिलंय.’’

‘‘माहितीये,’’ ती म्हणाली, ‘‘मी पण फोटो काढून ठेवलाय.’’