हाड जुळले, पुढे काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात हे दृश्य नवे नाही. पावसाळ्यात ओल्या न्हाणीत किंवा अंगणातल्या चिखलात सत्तरीतल्या आजीचा पाय घसरतो. तरुणपणी एवढ्याने फार तर मुका मार बसला असता. पण वयाबरोबर विरळ झालेले मांडीचे हाड खुब्यापाशी मोडते. यवतमाळला किंवा नागपूरला नेऊन शस्त्रक्रिया करतात आणि काही दिवसांनी आजी घरी येते. मग सारे घर तिची काळजी घेऊ लागते. पाणी खाटेवर, जेवण खाटेवर. "आजी, तू उठू नको, मी आहे ना!" असे नातू म्हणतो. दीड-दोन महिन्यांनी हाड जुळत आलेले असते, पण आजीला उभे राहता येत नाही. असे का व्हावे?

आधी शस्त्रक्रियेचा हेतू समजून घेऊ. १९३१ साली बॉस्टनचे शल्यचिकित्सक स्मिथ-पीटरसन यांनी असे मोडलेले हाड धातूच्या तीन पात्यांच्या खिळ्याने जोडण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्यापूर्वी पायाला वजने लावून किंवा प्लास्टर घालून रुग्णाला महिनोन्महिने निजवून ठेवीत, आणि अनेकजण मोडलेल्या हाडाने नव्हे, तर न्यूमोनियाने किंवा पाठीला झालेल्या जखमांनी दगावत. म्हणजे सळई, स्क्रू किंवा कृत्रिम सांधा बसवायचा तो रुग्णाला लवकर उठवता यावे यासाठीच. म्हणूनच आज शक्य असेल तर शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीच आधाराने उभे करतात. घरी आल्यावर पुन्हा निजवून ठेवले, तर शस्त्रक्रियेचा अर्धा लाभ वाया जातो.

निजून राहण्याची किंमत मोजता येते. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींना १० दिवस अंथरुणावर ठेवले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील चरबीविरहित ऊतींचे, म्हणजे मुख्यतः स्नायूंचे, वजन सुमारे १ किलोने घटले. ही माणसे धडधाकट होती. शस्त्रक्रियेचा ताण सोसलेल्या आणि कमी जेवणाऱ्या आजीचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल.

या स्नायूंवर केवढे काम असते, ते तरफेच्या नियमाने पाहू. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा खुब्याचा सांधा हा टेकू होतो. त्याच्या आतल्या बाजूला साधारण १० सें.मी. अंतरावर शरीराचा भार असतो, तर बाहेरच्या बाजूला अवघ्या ५ सें.मी. अंतरावर स्नायू ओढ देतात. आजीचे वजन ५० किलो धरले, तर टेकलेला पाय वगळून भार सुमारे ४२ किलो. तो तोलण्यासाठी स्नायूंना दुप्पट, म्हणजे ८४ किलोभाराइतकी ओढ द्यावी लागते! चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर हेच घडते. स्नायू दुबळे झाले की तोल जातो, आणि चालण्याची भीती वाटू लागते.

आता दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी द्या. सांध्यापासून ३० सें.मी. अंतरावर काठीवर ५ किलोभार दिला, तर स्नायूंवरची ओढ ३० किलोभाराने कमी होते. हिशेब ढोबळ आहे, पण वर्गात पडताळून पाहता येतो. विद्यार्थ्याने उजव्या पायावर उभे राहून उजव्या कंबरेच्या हाडाखाली बाहेरून तळवा ठेवावा. स्नायू टणक लागतो. मग डाव्या हातातली काठी जमिनीवर दाबावी. तोच स्नायू सैल पडतो. काठी उजव्या हातात असती तर एवढा फरक पडला नसता.

पण काठी हाती दिली म्हणून आजी उठेलच असे नाही. "पुन्हा पडले तर?" हा प्रश्न तिला खाटेशी बांधून ठेवतो. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडले, की 'हे मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो : स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेले पाहणे, इतरांचे सांगणे, आणि आपल्या शरीराच्या संवेदनांचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिली वाट सर्वांत भक्कम. आपण मात्र बहुधा तिसरीवरच थांबतो : "आजी, हिंमत धर!"

म्हणून काम लहान हवे, आणि जमेल असे हवे. आज हातांच्या खुर्चीतून आधाराने दोनदा उठणे, दोन दिवसांनी तीनदा, मग दारापर्यंत. गावात अशाच शस्त्रक्रियेनंतर चालू लागलेली एखादी बाई असेल, तर तिला घरी बोलवावे. व्यायामाने मांडी भरून येणे आणि हाड पुन्हा मोडल्याची कळ यांतला फरक डॉक्टरांकडून आजीलाच समजावून द्यावा.

असे घरी होऊ शकते का? बॉस्टन परिसरातील २३२ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. फिजिओथेरपिस्ट मोजक्याच वेळा घरी आले. खुर्चीतून उठणे, पायरी चढणे असे रोजचेच व्यायाम शिकवले आणि पडण्याच्या भीतीबद्दलही बोलले. सहा महिन्यांनी या रुग्णांची हालचाल तुलनेच्या गटापेक्षा सुधारली होती. सुधारणा माफक होती, पण मोजता येण्याजोगी होती. उमरखेडसारख्या, जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या तालुक्याला ही गोष्ट महत्त्वाची वाटावी.

अर्थात पायावर किती भार द्यायचा, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे. कृत्रिम सांधा बसवला असेल, तर त्यांनी सांगेपर्यंत जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवे बसू नये. शौचासाठी खुर्ची वापरावी. पोटरी सुजली, धाप लागली, जखमेतून पू आला किंवा अचानक तीव्र कळ आली, तर थांबून ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

शिक्षकांनी हे वर्गात जरूर सांगावे, कारण कुणाच्या तरी घरी अशी आजी असतेच. रोज किती वेळा उठली, किती पावले चालली, याची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर नातवाने करावी. डॉक्टरांनी चालायची मुभा दिली, की पाण्याचा तांब्या खाटेशी न ठेवता चार पावलांवर उंच स्टुलावर ठेवावा, आणि आपण शेजारी, हात पोचेल इतक्या अंतरावर, उभे राहावे.