दिल्ली खरंच किती धोकादायक? गुन्ह्यांचे आकडे कसे वाचायचे

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नोत्तरांतला काही भाग दिला आहे.)



दिल्ली म्हटलं की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘दिल्लीत बायकांनी रात्री बाहेर पडू नये.’ दुसरं, ‘आपली मुंबई बरी, रात्री दोन वाजतासुद्धा बाई एकटी फिरू शकते.’ दरवर्षी एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल येतो आणि वर्तमानपत्रांत मथळा येतो की महिलांसाठी दिल्ली सर्वांत असुरक्षित. मग आपण म्हणतो, बघा, आपण म्हणत होतो तेच.

आज मला एवढंच तपासायचं आहे की शहराची ही ख्याती आकड्यांशी जुळते का. आधीच सांगून ठेवतो, उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात येणार नाही. पण ते कसं काढायचं ही पद्धत लक्षात राहिली, तर पुढचा मथळा तुम्ही वेगळ्या नजरेने वाचाल.

तीन वर्षांत साडेतीन पट?

दिल्ली पोलिसांचे आकडे घेऊ. २०१२ मध्ये दिल्लीत भारतीय दंड संहितेखाली एकूण सुमारे ५४ हजार गुन्हे नोंदवले गेले. २०१३ मध्ये ८० हजार. २०१४ मध्ये दीड लाखाच्या वर. आणि २०१५ मध्ये १ लाख ९१ हजार. म्हणजे तीन वर्षांत साडेतीन पट.

आता स्वतःला विचारा, एखादं शहर तीन वर्षांत साडेतीन पट गुन्हेगार होऊ शकतं का? युद्ध नाही, दुष्काळ नाही, दंगल नाही. मग झालं काय?

त्याच काळातला दुसरा आकडा बघा, खुनांचा. २०१२ मध्ये ५२१. २०१३ मध्ये ५१७. २०१४ मध्ये ५८६, २०१५ मध्ये ५७०. थोडा चढ आहे, पण साडेतीन पट सोडाच, दीड पटही नाही. आणि २०१९ मध्ये तो परत ५२१ वर आलेला दिसतो.

चोऱ्यामाऱ्या आकाशाला भिडल्या आणि खून मात्र जागच्या जागी, हे कसं? याचं उत्तर रस्त्यावर शोधून सापडणार नाही. ते पोलीस ठाण्याच्या टेबलावर आहे.

गुन्हा घडणं आणि गुन्हा नोंदणं

ज्यांच्यावर कधी पोलीस ठाण्याची पायरी चढायची वेळ आली असेल, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मोबाइल मारला म्हणून तक्रार द्यायला गेलात की समोरून विचारतात, ‘चोरीला गेला की कुठे पडला? गहाळ लिहू का?’ आपल्यालाही नवीन सिमकार्डासाठी कागद हवा असतो, आपण हो म्हणतो. मारामारी झाली, तर एफआयआरऐवजी ‘एनसी’ घेतात, म्हणजे अदखलपात्र नोंद. अशा वेळी गुन्हा घडलेला असतो, पण दखलपात्र गुन्ह्यांच्या आकड्यात तो येत नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत निर्भया प्रकरण घडलं आणि त्यानंतर या टेबलावरच्या गोष्टी बदलल्या. २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने बलात्काराची व्याख्या विस्तारली. संमतीचं वय १६ वरून १८ झालं. महिलांवरच्या गंभीर गुन्ह्यांची तक्रार नोंदवून घेतली नाही, तर त्या पोलिसालाच शिक्षा होईल अशी तरतूद आली. नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. २०१५ मध्ये दिल्लीत वाहनचोरीची तक्रार ऑनलाइन करता यायला लागली. ठाण्यात जायला नको, कुणाची विनवणी करायला नको.

या सगळ्याचा परिणाम बघा. दिल्लीत २०१२ मध्ये बलात्काराच्या ७०६ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. २०१३ मध्ये १,६३६. एका वर्षात दुपटीहून जास्त. बाहेरून बघणारा म्हणेल, शहर बिघडलं. पण याचा मोठा भाग असा आहे की व्याख्या रुंदावली, आणि ज्या बायका आधी गप्प बसत होत्या किंवा परत पाठवल्या जात होत्या, त्यांची तक्रार आता कागदावर आली.

तरीही सगळं कागदावर आलं असं समजू नका. कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह या संस्थेने २०१५ मध्ये दिल्ली आणि मुंबईत घरोघरी जाऊन पाहणी केली. त्यात आढळलं की लैंगिक छळाच्या तेरा प्रसंगांपैकी दिल्लीत जेमतेम एक पोलिसांपर्यंत जातो. मुंबईत नवापैकी एक. म्हणजे आपण ज्या आकड्यांवर वाद घालतो तो हिमनगाचा वरचा तुकडा आहे, आणि प्रत्येक शहरात तो पाण्याच्या वर किती आहे हे वेगळं आहे.

नोंदीमुळे आकडा कसा फिरतो याचं आणखी एक उदाहरण देतो. २०२० मध्ये देशातले एकूण गुन्हे २८ टक्क्यांनी वाढले. टाळेबंदीचं वर्ष, माणसं घरात, चोऱ्या कमी झालेल्या. मग वाढलं काय? कलम १८८, सरकारी आदेशाचा भंग. २०१९ मध्ये असे गुन्हे देशभरात सुमारे २९ हजार होते, २०२० मध्ये ६ लाख १२ हजार. संचारबंदीत बाहेर पडलेल्यांवर गुन्हे दाखल झाले आणि एकूण आकडा फुगला. म्हणून ‘एकूण गुन्हे’ या शब्दांवरून शहराची पारख करू नका. त्या गाठोड्यात खूनही असतो आणि संचारबंदीत बाहेर पडणंही.

भागाकारातला छेद

आता शहरांची तुलना. मोठ्या शहरात गुन्हे जास्त असणारच, म्हणून आपण एक लाख लोकसंख्येमागे दर काढतो. बरोबर आहे. पण भागाकारात वरचा आकडा जितका महत्त्वाचा, तितकाच खालचा.

२०२१ च्या अहवालात कोलकाता देशातलं सर्वांत सुरक्षित महानगर ठरलं. लाखामागे सुमारे १०३ गुन्हे. फार छान. पण छेदात काय आहे? १ कोटी ४१ लाख लोकसंख्या. कोलकाता महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ लाख होती. १ कोटी ४१ लाख हा आकडा हावड्यासकट सगळ्या महानगर परिसराचा. कोलकाता पोलिसांची हद्द पालिकेपेक्षा मोठी आहे, पण ती हावड्यापर्यंत जात नाही. हावडा, बिधाननगर, बराकपूर यांची पोलीस आयुक्तालयं वेगळी आहेत.

आता मुंबईकडे येऊ. इथे आपल्याला जरा टोचेल. एनसीआरबीच्या तक्त्यात मुंबईची लोकसंख्या १ कोटी ८४ लाख धरलेली आहे. ती ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली हे सगळं धरून. गुन्हे मात्र मुंबई पोलिसांच्या हद्दीतले, म्हणजे कुलाबा ते दहिसर-मुलुंड. तिथली लोकसंख्या २०११ मध्ये १ कोटी २४ लाख होती. म्हणजे साठ लाख माणसं छेदात आहेत, पण त्यांच्या घरी झालेली चोरी अंशात नाही. दर आपोआप एक-तृतीयांशाने खाली येतो.

दिल्लीचं उलटं आहे. तिथे दिल्ली पोलिसांची हद्द आणि धरलेली लोकसंख्या जवळजवळ जुळतात. नोएडा, गुरुग्राम छेदात नाहीत. शिवाय सगळे दर २०११ च्या जनगणनेवर काढलेले. दिल्लीसाठी १ कोटी ६३ लाख. तोवर दिल्ली अंदाजे २ कोटी ६ लाखांवर पोचली होती. म्हणजे दिल्लीचा दर आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि मुंबईचा कमी.

मग भरवसा कशावर ठेवायचा?

ज्या गुन्ह्यात नोंदवणाऱ्याच्या मर्जीला सगळ्यांत कमी वाव आहे, त्यावर. असा गुन्हा म्हणजे खून. मृतदेह ‘गहाळ’ म्हणून लिहिता येत नाही. काही खून अकस्मात मृत्यूच्या नोंदीत जिरत असतील, पण चोरीच्या मानाने फार थोडे.

२०२१ मध्ये दिल्लीत ४५४ खून झाले, मुंबईत १६२. छापील दर काढले तर दिल्ली लाखामागे २.८ आणि मुंबई ०.९. तिप्पट फरक. आता छेद दुरुस्त करू. दिल्लीला २ कोटी ६ लाख द्या, मुंबईला सव्वा कोटी. दिल्ली येते २.२ वर आणि मुंबई १.३ वर. फरक तिपटीवरून पावणेदोन पटीच्या आसपास आला. तो संपला नाही, पण निम्म्याच्या जवळपास कमी झाला. आणि त्या वर्षी देशाचा दर होता २.१. म्हणजे खुनाच्या बाबतीत दिल्ली साधारण देशासारखी आहे, आणि मुंबई देशापेक्षा बरी आहे. ‘दिल्ली भयानक’ म्हणण्यापेक्षा हे वाक्य मला जास्त खरं वाटतं.

दुसरा भरवशाचा गुन्हा म्हणजे वाहनचोरी. एफआयआर नसेल तर विमा कंपनी पैसे देत नाही, म्हणून माणूस तक्रार करतोच. इथे दिल्लीची बाजू खरोखर पडती आहे. २०१९ मध्ये तिथे ४६ हजारांहून जास्त वाहनं चोरीला गेली. दिल्लीत वाहनंही फार आहेत, हे धरलं तरी हा आकडा मोठाच. तेव्हा ख्याती एका गुन्ह्यात खरी, दुसऱ्यात वाढवून सांगितलेली, असं होऊ शकतं.

कुणासाठी धोकादायक?

‘शहर धोकादायक आहे’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर अंधारा रस्ता आणि अनोळखी माणूस असतो. दिल्ली पोलिसांचेच आकडे वर्षानुवर्षं सांगतात की नोंदलेल्या बलात्कारांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, लग्नाचं वचन दिलेला. मुलीला घरात ठेवलं म्हणजे ती सुरक्षित, हे गणित इथेच मोडतं.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आकड्यांत दिसत नाही. रस्त्यावरचा त्रास तक्रारीपर्यंत जातच नाही, आणि बायका तो टाळण्यासाठी आपलं आयुष्य आखडून घेतात. गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थिनींचा अभ्यास केला. मुली चांगलं कॉलेज मिळत असतानाही कमी दर्जाचं कॉलेज निवडतात, कारण तिकडे जायचा रस्ता त्यांना सुरक्षित वाटतो. प्रवासावर मुलांपेक्षा जास्त पैसे खर्च करतात. हे नुकसान कुठल्या एफआयआरमध्ये येणार? एखाद्या रस्त्यावर संध्याकाळनंतर बाईच दिसत नसेल, तर तिथे बायकांवरचे गुन्हे शून्य असतील. त्या शून्याला सुरक्षितता म्हणायचं का?

आपण काय करतो याचा परिणाम

आता हा विषय मला का महत्त्वाचा वाटतो ते सांगतो. समजा, एखाद्या पोलीस आयुक्ताने ठरवलं की प्रत्येक तक्रार नोंदवायची. पुढच्या वर्षी त्याच्या शहराचा आकडा वाढणार. वर्तमानपत्रं झोडपणार, विरोधी पक्ष विधानसभेत कागद फडकवणार. त्याच्या जागी येणारा काय शिकेल? तक्रारी घेऊ नका. आपण वाढलेल्या आकड्याला शिक्षा करतो आणि दडपलेल्या आकड्याला शाबासकी देतो. त्याची किंमत ठाण्याच्या बाकावर तीन तास बसून परत गेलेली बाई मोजते. एनसीआरबी स्वतःच अहवालात बजावतं की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मथळा लिहिताना ते वाक्य सोईस्करपणे गळतं.

म्हणून पुढच्या वेळी चार प्रश्न विचारा. कुठला गुन्हा? कुणाची हद्द आणि कुठली लोकसंख्या? नोंदणीचे नियम मधे बदलले का? आणि हा गुन्हा कुणावर, कुठे घडतो?



श्रोत्यांच्या प्रश्नांतून

*प्रश्न : परदेशातल्या शहरांच्या तुलनेत दिल्ली कुठे आहे?*

देशादेशांत कायद्याच्या व्याख्या वेगळ्या, म्हणून तुलना फक्त खुनांची करा. २०२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ४८८ खून झाले. तिथली लोकसंख्या सुमारे ८५ लाख, म्हणजे दर लाखामागे ५.७ च्या पुढे. शिकागोत जवळपास ८०० खून आणि लोकसंख्या २७ लाख. हे दर दिल्लीच्या कितीतरी वर आहेत. आणि ख्याती किती मागे राहते तेही बघा. न्यूयॉर्कमध्ये १९९० साली २,२०० हून जास्त खून झाले होते, २०१७ साली तीनशेच्या आत. पण कित्येकांच्या मनातलं न्यूयॉर्क अजून १९९० चंच आहे.

*प्रश्न : माझी मुलगी यूपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीला जायचं म्हणतेय. तुमचं ऐकून पाठवू की नको?*

काकू, शहराच्या सरासरीवरून हा निर्णय घेऊ नका. ती कुठल्या भागात राहणार, क्लासपासून खोली किती लांब, मेट्रो स्टेशनवरून घरापर्यंतचा रस्ता रात्री नऊ वाजता कसा असतो, घरमालक कसा आहे, हे विचारा. तिथे आधीपासून राहणाऱ्या आपल्याकडच्या दोन-तीन मुलींशी तिला बोलू द्या. त्या जे सांगतील ते कुठल्याच अहवालात मिळणार नाही. आणि उद्या काही झालंच, तर ‘तक्रार कर, आम्ही पाठीशी आहोत’ हे तिला जाण्याआधीच सांगून ठेवा.