धावणे आणि कंबरदुखी

दुखण्याची जागा

शेवटच्या बरगडीच्या खाली आणि नितंबांच्या खालच्या घडीच्या वर असलेल्या भागातील वेदनेला कंबरदुखी म्हणतात. धावणाऱ्यांमध्ये ती वेगवेगळ्या रूपांत दिसते. कुणाची कंबर काही किलोमीटरनंतर दोन्ही बाजूंनी आखडत जाते, कुणाला एकाच बाजूला माकडहाडाच्या वर ठणका लागतो, तर कुणाला धाव संपल्यावर बुटाची नाडी सोडायला वाकताच उसण भरते. कंबरदुखीच्या दहापैकी सुमारे नऊ प्रकरणांमध्ये दुखण्यामागची नेमकी एक रचना, म्हणजे अमुक मणका किंवा अमुक नस, दाखवता येत नाही. वेदना खरी असते, पण ती स्नायू, सांधे, थकवा, झोप, ताण आणि भार यांच्या एकत्रित परिणामातून आलेली असते. जगभरात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. हे दुखणे इतके सार्वत्रिक असल्याने धावणाऱ्याची कंबर दुखली की दोष धावण्याचाच, असे लगेच धरता येत नाही.

कंबरेची रचना

पाठीच्या कण्यात २४ सुटे मणके असतात. त्यांतील खालचे पाच कंबरेचे आणि आकाराने सर्वांत मोठे. त्यांच्याखाली त्रिकास्थी हे पाचरीसारखे हाड ओटीपोटाच्या दोन हाडांच्या मध्ये बसलेले असते. दोन मणक्यांमध्ये गादी असते. तिचे बाहेरचे कडे तंतुमय आणि आतला गर पाणीदार असतो. मागच्या बाजूला प्रत्येक जोडीला दोन लहान सांधे असतात. या सांध्यांच्या ठेवणीमुळे कंबरेचे मणके पुढे-मागे बऱ्यापैकी वाकतात, पण पिळाला मात्र फारशी मुभा देत नाहीत. धावताना शरीराला लागणारा पीळ वरून छातीच्या मणक्यांनी आणि खालून खुब्याच्या सांध्यांनी पुरवायचा असतो. वरचा किंवा खालचा भाग ताठर झाला, तर ती हालचाल मधल्या पाच मणक्यांकडून मागितली जाते.

धावताना काय घडते

चालताना एक तरी पाऊल जमिनीवर असते. धावताना मात्र प्रत्येक पावलागणिक शरीर क्षणभर हवेत असते आणि मग एका पायावर उतरते. त्या वेळी जमिनीकडून मिळणारा उलट जोर शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट असतो. ६५ किलो वजनाच्या माणसासाठी हा १३० ते १९५ किलोंचा भार झाला. दहा किलोमीटर तासाभरात धावणाऱ्याची मिनिटाला १६५ पावले पडत असतील, तर एका धावेत हा प्रसंग सुमारे ९,९०० वेळा येतो. हा धक्का पूर्णपणे कंबरेपर्यंत पोहोचत नाही. तळपायाची कमान, पोटरी, वाकणारा गुडघा आणि खुब्याभोवतीचे स्नायू वाटेत त्याचा मोठा हिस्सा शोषून घेतात.

उरलेल्या भारासाठी कंबरेला तीन कामे करावी लागतात. पाऊल पडताच धड पुढे झुकू पाहते, ते पाठीच्या कण्यालगतचे उभे स्नायू रोखतात. या कामात त्यांचा जोडीदार नितंबाचा मोठा स्नायू. शरीर एका पायावर असताना ओटीपोटाची दुसरी बाजू खाली घसरू पाहते, ती नितंबाच्या बाजूचा मधला स्नायू तोलून धरतो. डावा पाय पुढे जाताना उजवा हात पुढे जातो आणि धडात उलटसुलट पीळ पडतो, त्याचे नियंत्रण पोटाचे तिरके स्नायू करतात. पाठीचा रुंद स्नायू एका बाजूच्या हाताकडून येतो आणि कंबरेवरील जाड पडद्यामार्फत विरुद्ध बाजूच्या नितंबाच्या स्नायूशी जोडला जातो. हात आणि पाय असे कंबरेतून एकमेकांना बांधलेले आहेत.

धावणाऱ्याची कंबरदुखी समजून घेताना ही जोडीदारी ध्यानात ठेवावी लागते. नितंबाचा किंवा पोटाचा स्नायू आधी थकला, तर त्याचे काम थांबत नाही, ते कंबरेच्या लहान स्नायूंवर येते. पहिले चार किलोमीटर सुखाचे आणि पाचव्यात कंबर धरते, या नेहमीच्या तक्रारीचे हे बहुधा सर्वांत सरळ स्पष्टीकरण आहे.

गादीची भीती

धावल्याने मणक्यातील गादी झिजते ही समजूत घरोघरी आहे. तिच्यामुळे कित्येक जण वेदनेपेक्षा भीतीनेच धावणे सोडतात, म्हणून तिचा जरा सविस्तर विचार हवा.

जर्मनीतील उल्म येथे विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कंबरेतील गादीत दाबमापक बसवून केलेली मोजणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. पडून राहिल्यावर दाब सुमारे ०.१ मेगापास्कल होता, सैल उभे राहिल्यावर ०.५, पुढे झुकून उभे राहिल्यावर १.१ आणि पाठ वाकवून २० किलो वजन उचलताना २.३. संथ धावण्यातील दाब एका मेगापास्कलच्या आत राहिला. ही नोंद एकाच माणसाची आहे, हे विसरता येत नाही. तरीही पाण्याची भरलेली बादली वाकून उचलण्याची सवय गादीच्या दृष्टीने सकाळच्या संथ धावेपेक्षा हलकी नाही, एवढे तीवरून दिसते.

ऑस्ट्रेलियातील बेलावी आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली अनेक वर्षे नियमित धावणाऱ्यांच्या आणि व्यायाम न करणाऱ्यांच्या गाद्यांची एमआरआयने तुलना केली. धावणाऱ्यांच्या गाद्यांमध्ये पाण्याचे प्रमाण चांगले आढळले. आठवड्याला २० ते ४० किलोमीटर धावणाऱ्यांतही हा फरक होता. ज्यांच्या गाद्या मुळातच चांगल्या होत्या तेच धावत राहिले असतील, ही शक्यता अशा तुलनेत उरते. पण हाड आणि स्नायूंप्रमाणे गादीही योग्य भाराला प्रतिसाद देते, या कल्पनेला त्यातून बळ मिळाले.

एमआरआयच्या अहवालाचा अर्थही जपून लावावा लागतो. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील ३७ टक्के लोकांच्या गाद्यांत झिजेची चिन्हे होती, ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्के होते. म्हणजे अहवालातील ‘झीज’ हा शब्द पुष्कळदा वयाची खूण असतो आणि वेदनेचे कारण दुसरीकडे असते.

भार वाढवण्याची घाई

हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूंना त्याहून जास्त आणि हाडे, कंडरा, गादी यांना आणखी जास्त वेळ लागतो. दम पुरतो म्हणून अंतर वाढवले जाते आणि मागे राहिलेल्या ऊती दुखू लागतात. महाराष्ट्रात याला ऋतूची जोड मिळते. पावसाळ्यात अनेकांच्या धावण्यात खंड पडतो, मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते आणि राहिलेले सगळे अंतर मधल्या दोन-तीन महिन्यांत भरून काढण्याचा प्रयत्न होतो. अशा वेळी दुखणारी कंबर बहुधा बिघडलेली नसते, ती फक्त तयार नसते.

दिवसाचे उरलेले तास

धावणे तासाभराचे असते आणि बसणे आठ-दहा तासांचे. कंबरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जोडलेला खोल स्नायू पाय पुढे उचलतो. धावताना पाय मागे जातो तेव्हा याच स्नायूला लांब व्हावे लागते. तो ताठर असेल तर पाय मागे नेण्यासाठी ओटीपोट पुढे कलते, कंबरेचा बाक वाढतो आणि मागच्या लहान सांध्यांवर भार येतो. लोकलच्या गर्दीत उभ्याने केलेला लांबचा प्रवास, अपुरी झोप, कामाचा ताण यांचाही वेदनेशी संबंध आहे. थकलेली मज्जासंस्था तेवढ्याच भाराला अधिक वेदना समजते.

वेळेवरून निदानाकडे

वेदना कधी येते, यावरून बरेच कळते. सुरुवातीला जाणवून दहा-पंधरा मिनिटांत विरणारी वेदना ताठरपणाकडे बोट दाखवते. ठरावीक अंतरानंतर येणारी वेदना स्नायूंच्या सहनशक्तीशी निगडित असते. उतारावर वाढणारी आणि पुढे वाकल्यावर शमणारी वेदना मागच्या सांध्यांची असू शकते. याउलट, पुढे वाकताना, बसताना, खोकताना वाढणारी आणि मांडीमागून पोटरीपर्यंत चमक नेणारी वेदना गादी व नसेचा संशय निर्माण करते. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक टिकणारा आखडलेपणा, तोही चाळिशीच्या आत, आणि हालचालीने आराम पडणे, ही कण्याच्या दाहक संधिवाताची लक्षणे असू शकतात. ही वर्गवारी ढोबळ आहे आणि तपासणीची जागा घेत नाही.

दुखत असताना धावणे

साध्या कंबरदुखीत पूर्ण विश्रांतीने नुकसानच होते, कारण अंथरुणावर स्नायूंची ताकद झपाट्याने उतरते. दोन-तीन दिवस धावणे थांबवून चालणे सुरू ठेवावे, हा व्यवहार्य मार्ग. परतताना शून्य ते दहा असे वेदनेचे मोजमाप उपयोगी पडते. धावताना वेदना तीनच्या आत राहावी, दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर यावी आणि आठवड्यागणिक वाढू नये. या तीन अटी पाळल्या जात असतील तर भार सोसण्याजोगा आहे. सुरुवातीला एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे तुकडे केल्यास जोडीदार स्नायूंना सावरायला अवकाश मिळतो. आधी अंतर वाढवावे, वेग नंतर. दोन्ही एकाच आठवड्यात वाढवले, तर दुखण्याचे कारण शोधता येत नाही.

बळ देणारे व्यायाम

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी तीन व्यायामांचा पुरस्कार केला: पाठीचा बाक राखून केलेला अर्धवट उठाव, एका कोपरावर कुशीचा प्लँक, आणि हात-गुडघ्यांवर राहून विरुद्ध हात व पाय लांबवणे. या तिन्हींत कंबर स्थिर राहते आणि भोवतालचे स्नायू काम करतात, धावतानाही त्यांच्याकडून हेच अपेक्षित असते. नितंबांसाठी उताणे झोपून कंबर उचलणारा सेतुबंध, पायरीवर चढ-उतार आणि एका पायावरची अर्धी बैठक उपयोगी ठरते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, सहा ते बारा आठवडे सातत्य राहिले तरच फरक दिसतो. कोणता एक व्यायामप्रकार इतरांहून निर्विवाद श्रेष्ठ, हे सिद्ध झालेले नाही. जो प्रकार नियमित होतो तो बरा.

पावले, रस्ता, बूट

लांब ढांग टाकली की पाऊल शरीराच्या बरेच पुढे पडते आणि धक्का वाढतो. त्याच वेगात मिनिटाची पावले पाच ते दहा टक्क्यांनी वाढवल्यास गुडघा व खुब्यावरील भार कमी होतो, हे २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात मोजले गेले. कंबरेबाबतचा पुरावा इतका थेट नाही, पण प्रयोग सोपा आणि बिनखर्चाचा आहे.

चढावर कंबरेत मोडून पुढे वाकण्याची आणि उतारावर मागे रेलण्याची प्रवृत्ती असते. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट आधी चढायचा आणि मग उतरायचा असतो, त्यामुळे थकलेल्या कंबरेवर उताराचे धक्के येतात. अशा शर्यतीची तयारी केवळ सपाट रस्त्यावर पुरी होत नाही, उतरण्याचाही सराव लागतो. पाणी वाहून जाण्यासाठी रस्त्याच्या कडांना ढाळ असतो. रोज एकाच कडेने धावल्यास एक पाय सतत खाली राहतो. एकाच बाजूच्या ठणक्यात निदान हे तपासून पाहावे. महागड्या बुटाने कंबरदुखी टळते याला मात्र भक्कम आधार नाही.

पट्टा आणि गोळी

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत व्यायाम आणि रुग्णशिक्षणाची शिफारस आहे, तर कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन यांना नेहमीच्या उपचारात स्थान दिलेले नाही. गरम शेकाने तात्पुरता आराम मिळतो. लांब धावेआधी वेदनाशामक गोळी घेण्याची प्रथा घातक आहे. घामाने पाणी कमी झालेले असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधे मूत्रपिंडाला इजा करू शकतात आणि थांबण्याची सूचना देणारी वेदनाही झाकतात.

तातडीच्या खुणा

लघवी अडणे, लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघा व गुदद्वाराभोवती बधिरता, पायातील वाढता अशक्तपणा: यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते. ताप, विनाकारण घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना यांकडेही दुर्लक्ष करता येत नाही. भारतात अशा वेळी मणक्याच्या क्षयरोगाचा विचार करावा लागतो. किशोरवयीन खेळाडूंत मणक्याच्या मागच्या कमानीला आणि कमी खाऊन जास्त धावणाऱ्या, मासिक पाळी अनियमित झालेल्या स्त्रियांत त्रिकास्थीला ताणाची भेग पडू शकते. ही वेदना पावलागणिक वाढत जाते आणि व्यायामाने बरी होत नाही.

पुन्हा उद्भवणे

कंबरदुखी बरी होते तशी परततेही. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातील संशोधकांनी नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवर केलेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला हळूहळू वाढत जाणारा चालण्याचा कार्यक्रम आणि फिजिओथेरपिस्टचे मार्गदर्शन मिळाले, दुसऱ्याला काही नाही. रोजचे व्यवहार अडवणारी कंबरदुखी परत येईपर्यंतचा मध्यक काळ दुसऱ्या गटात ११२ दिवस होता, चालणाऱ्यांत २०८. चाचणी चालण्याची होती, त्यामुळे हे आकडे धावण्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण धावणे बंद असलेल्या आठवड्यांतही चालणे का सोडू नये, याचा आजवरचा सर्वांत ठोस आधार याच चाचणीत आहे.